तीनशे शब्दांची जागा

माझी भाची पुण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती सांगलीला आली, तेव्हा मुंबईतल्या एका मोठ्या लॉ फर्मसाठी भरलेला अर्ज सोबत घेऊन आली होती. मामा वकील आहे, तर त्याने तो एकदा नजरेखालून घालावा, एवढीच तिची अपेक्षा होती. अर्जातले बहुतेक रकाने गुण, इंटर्नशिप आणि मूट कोर्टाच्या, म्हणजे सरावाच्या खटल्यांच्या, स्पर्धांचे होते. ते भरायला फारसा विचार करावा लागत नाही. एकच रकाना ऐसपैस होता. तुम्हाला व्यावसायिक कायद्यातच काम का करायचे आहे, हे 300 शब्दांत लिहा, असे त्यात म्हटले होते. तिने ते लिहिले होते, आणि चांगल्या इंग्रजीत लिहिले होते. उदारीकरणानंतर बदललेली अर्थव्यवस्था, देशोदेशींच्या व्यवहारांमधली गुंतागुंत, त्यातले बौद्धिक आव्हान, नामवंत वकिलांच्या हाताखाली शिकण्याची संधी, असे सगळे क्रमाने आले होते. मी वाचत होतो तेव्हा माझी आई जवळच लसूण सोलत बसली होती. एवढे काय लिहिले आहे, असे तिने विचारल्यावर भाचीने आजीला त्याचा मराठीत सारांश सांगितला. आई म्हणाली, “पगार बरा मिळतोय म्हणून जातीय, असं सरळ लिही की.” आम्ही सगळे हसलो. मी दोन-तीन विरामचिन्हे इकडची तिकडे करून अर्ज परत दिला. रात्री मात्र तो कागद डोक्यातून जाईना, आणि त्याला कारण आईचे बोलणे नव्हते. अर्जाच्या पहिल्या पानावर पालकांच्या व्यवसायाचा रकाना होता आणि त्यात तिने ‘शेतीपूरक व्यवसाय’ असे लिहिले होते. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, मार्केट यार्डात हळदीची अडत चालवतात. रोज सकाळी दुसऱ्याचा माल तिसऱ्याला विकणारा, दोन्हीकडे शब्द देणारा आणि उधारीची जोखीम स्वतःवर घेणारा माणूस पहिल्या पानावर दोन शब्दांत आटोपला होता, आणि तिसऱ्या पानावर त्याचीच मुलगी आपल्याला व्यापारी व्यवहारांची ओढ असल्याचे सांगत होती.

या दोन पानांची एकमेकांशी ओळखच करून दिलेली नव्हती.

नोकरी देणारे हा प्रश्न का विचारतात, याचा मी त्यानंतर विचार करत राहिलो. माझा एक वर्गमित्र मुंबईत अशाच एका फर्ममध्ये भागीदार आहे आणि नव्या मुलांच्या निवडीसाठी बसतो. त्याला फोन केला. त्याचे म्हणणे असे पडले, की उमेदवाराच्या अंतर्मनात काय आहे, यात फर्मला फारसा रस नसतो. नव्या वकिलाची सुरुवातीची वर्षे त्याला शिकवण्यातच जातात, आणि तो उपयोगाचा होऊ लागतो नेमके तेव्हाच त्याला न्यायाधीशपदाच्या परीक्षेची, परदेशातल्या एलएलएमची किंवा एखाद्या कंपनीच्या विधी विभागाची आठवण होते. म्हणून फर्मला एवढेच जाणून घ्यायचे असते, की या मुलाला काम काय असते हे माहीत आहे का, आणि माहीत असूनही तो यायला तयार आहे का. काम म्हणजे सुरुवातीला काय, तर एखादी कंपनी विकली जात असताना तिचे शेकडो करार वाचून, मालकी बदलल्यास त्यांतला कोणता करार समोरच्याला मोडता येतो, हे तक्त्यात मांडायचे. कंपनी निबंधकाकडे मालमत्तेवर कोणते बोजे नोंदले आहेत ते तपासायचे. मसुद्यातली एक व्याख्या बदलली, की ती जिथे जिथे वापरली आहे तिथे तिथे अर्थ बिघडला नाही ना, हे पाहायचे. आणि मुद्रांक शुल्क अपुरे राहिले तर दस्त पुराव्यात घेतला जाणार नाही, हे रात्री उशिरा एखाद्या थकलेल्या अशिलाला नम्रपणे समजावून सांगायचे. काळा कोट घालून उलटतपासणी घेण्याचे प्रसंग त्यात नाहीत. पुष्कळांना न्यायालयाची पायरी वर्षानुवर्षे चढावी लागत नाही. ‘मला आव्हाने आवडतात’ असे कोणी म्हणाले, की माझा हा मित्र विचारतो, तुम्ही अथपासून इतिपर्यंत वाचलेला शेवटचा करार कोणता. त्यावर बहुतेक मुले गप्प होतात, असे तो सांगत होता. भाड्याच्या खोलीचा करारही कोणी पूर्ण वाचलेला नसतो.

हे ऐकताना मला माझे वडील आठवले. ते यार्डातल्या एका पेढीवर मुनीम होते. दिवस संपला, की कीर्द आणि खतावणी समोर घेऊन ते रोजमेळ जुळवायला बसत, आणि चार आण्यांचा फरक राहिला तरी उठत नसत. पेढीचे मालक म्हणत, सोडा हो, माझ्या खिशातून टाकतो. वडिलांना ते चालत नसे, कारण फरक चार आण्यांचा दिसत असला तरी तो दोन मोठ्या चुकांनी एकमेकींना जवळजवळ खाऊन टाकल्याचा उरलेला अंश असू शकतो, हे त्यांना ठाऊक होते. तुम्हाला हे काम आवडते का, असे मी लहानपणी त्यांना एकदा विचारले होते. त्यांनी त्या प्रश्नाकडे जरा नवलाने पाहिले आणि म्हणाले, “जुळलं की झोप लागते.” व्यावसायिक कायद्यात टिकणाऱ्या माणसाची प्रेरणा मला याच जातीची वाटते. ती फार उदात्त नाही, तिच्यावर भाषण करता येत नाही, आणि 300 शब्दांत सांगायला गेले तर ती हातातून निसटते, कारण सांगणाऱ्याला ती भावना म्हणून सांगावीशी वाटते. वडिलांना कोणी मुलाखतीत विचारले असते, तर त्यांनी भावनेबद्दल एक अक्षर न बोलता त्या चार आण्यांची हकीकत सांगितली असती.

हळदीचा हंगाम यार्डात सुरू होतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर. सुट्टीत वडिलांचा डबा घेऊन मी पेढीवर जात असे. पोत्यांच्या थप्प्यांमधून चालताना हवेतच पिवळी धूळ असे. ती पापण्यांवर बसे, सदऱ्याच्या कॉलरवर बसे, आणि डब्याचा रुमाल आईने कितीही घासला तरी त्याचा पिवळेपणा जात नसे. सौद्याच्या वेळी खरेदीदार एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडे सरकत, हळकुंड उचलून कडकन मोडत, आतला रंग उजेडात धरून पाहत, वास घेत आणि चेहऱ्यावर काही न दाखवता पुढे जात. बोली चढे, एका आकड्यावर थांबे, आणि हजारो रुपयांचा व्यवहार ठरे; सही मात्र कोणी कुठे करत नसे. मग हमाल, तोलाईदार, काटा, आणि शेवटी पेढीवर वडिलांच्या हातची पट्टी: माल किती, भाव काय, हमाली, तोलाई आणि निव्वळ हाती किती. शेतकरी पैसे मोजून घेई आणि एसटी गाठे. खरेदीदाराचे पैसे त्या दिवशी आलेले नसत. ते पंधरवड्याने येत, महिन्याने येत, कधी गुजरातेतून, कधी दिल्लीकडून, आणि मधला सगळा काळ अडत्या स्वतःवर घेई. खरेदीदार बुडाला तर शेतकऱ्याकडे परत मागायला जाण्याची रीत नव्हती. खरेदीदाराच्या पैशांची हमी स्वतःच घेणाऱ्या अशा दलालाला कायद्याच्या पुस्तकात ‘डेल क्रेडेरे’ एजंट म्हणतात. कॉलेजात हे इटालियन वळणाचे नाव पहिल्यांदा ऐकले, तेव्हा वर्गातल्या इतरांनी ते पाठ केले. मला त्या नावामागे पांढरी टोपी आणि पिवळी बोटे दिसली.

पेवांची गोष्ट याहून नवलाची आहे. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात त्या हरिपूरची माती इतकी घट्ट, की तिथे जमिनीत 20-25 फूट खोल खड्डे खणून, आतून पाला लावून त्यांत हळद साठवत असत. तोंड अरुंद, पोट मोठे. वरून माती लिंपून बंद केले, की किडीला हवा मिळत नसे आणि माल वर्षानुवर्षे टिकत असे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, आधी बराच वेळ ते तसेच मोकळे ठेवायचे आणि दिवा सोडून पाहायचा. दिवा विझला तर आत माणूसही टिकणार नाही, हे तिथल्या हमालाला रसायनशास्त्र न शिकता माहीत होते. आता यातला कायद्याचा भाग पाहा. हळद एकाची, पेव दुसऱ्याचे, आणि त्या हळदीवर पैसे दिलेले असत तिसऱ्याने. 1872 चा करार कायदा अशा ठेवीला बेलमेंट म्हणतो, आणि त्याचे कलम 151 सांगते, की ठेवून घेणाऱ्याने त्या मालाची तेवढीच काळजी घ्यावी, जेवढी साधारण शहाणा माणूस आपल्या स्वतःच्या मालाची घेईल. 2005 च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरले आणि हळद कुजली. त्यानंतर पेवे हळूहळू मागे पडली. माल गोदामात आणि शीतगृहात जाऊ लागला. पावसाळ्यात नदीकाठच्या खड्ड्यात दुसऱ्याची हळद ठेवून देणे शहाणपणाचे होते का? आज विचारले तर कोणीही नाही म्हणेल. पण त्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या शहाणी माणसे तेच करत आली होती, आणि स्वतःची हळदही तिथेच ठेवत होती. या प्रश्नावर मी पक्षकारांशी, सहकाऱ्यांशी आणि स्वतःशी पुष्कळ वाद घातला आहे, आणि अजूनही माझे मत दिवसागणिक बदलते. मला व्यावसायिक कायदा का आवडतो, असे मला कोणी विचारले, तर मी हे पेव त्याच्यासमोर ठेवीन. नुकसान तर झाले आहे, चोर कोणी नाही, खोटे कोणी बोलत नाही. आता ते नुकसान कोणाच्या खतावणीत लिहायचे?

भाची परत पुण्याला जाण्याआधी माझ्या कार्यालयात आली. मी तिला अर्जाबद्दल काही न बोलता विचारले, की टेलिफोनवर झालेला करार कुठे झाला असे मानतात. हे कायद्याच्या कुठल्याही विद्यार्थ्याला झोपेत विचारावे. तिने घडाघडा सांगितले: भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास, सर्वोच्च न्यायालय, 1966, अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी फोनवर मागणी घातली, खामगावच्यांनी फोनवरच होकार दिला, होकाराचे पत्र टपालात पडले तिथेच करार होतो हा पत्राचा नियम फोनला लागू होत नाही, होकार जिथे ऐकू आला तिथे करार झाला, म्हणून अहमदाबादला दावा चालेल, न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत वेगळे. मी विचारले, माल कोणता होता? तिला आठवेना. सरकीची पेंड होती. आमच्याकडे गायी-म्हशींना घालतात तीच. मग मी विचारले, “तुझे बाबा गुजरातच्या पार्टीशी फोनवर बोलतात तेव्हा भाव दोनदा का वदवून घेतात?” ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. लहानपणापासून तिने तो आवाज ऐकलेला आहे. समोरच्याला ऐकू गेले की नाही अशी शंका आल्यासारखे दाजी ओरडून भाव सांगतात, आणि पलीकडून तोच आकडा परत ऐकल्याशिवाय फोन ठेवत नाहीत. ती म्हणाली, “मामा, मला वाटायचं त्यांना कमी ऐकू येतं.”

त्यानंतर आम्ही दुपारभर बोलत बसलो. तिच्या लक्षात येत गेले, की तिच्याकडे सांगण्यासारखे खूप आहे आणि त्यातले बहुतेक तिला परीक्षेसाठीही माहीत आहे. फक्त दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत पडले आहे. हळकुंड उकडून, वाळवून, पॉलिश केल्यावर ते शेतमाल राहते की मसाला होतो, हा वाद यार्डातल्या चहाच्या गाड्यावर तिने ऐकलेला होता. जीएसटीच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने ते शेतमाल नाही असे म्हटले, तेव्हा अडत्यांच्या सेवेवरच्या कराचा प्रश्न उभा राहिला होता, आणि पुढे अपिलात तो निर्णय फिरला. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा शाळेत पेढे वाटल्यासारखा आनंद झाला होता, एवढेच तिला आठवत होते. ते मानांकन कोणाच्या नावावर असते आणि ते कोणाला वापरता येते, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून शोधून काढले. गोदामाच्या पावतीवर बँक कर्ज देते, हे दाजींच्या तोंडून कानावर पडत असे. ती पावती कायद्याने हस्तांतरणीय व्हावी म्हणून 2007 साली संसदेने स्वतंत्र कायदा केला, हे तिच्या अभ्यासक्रमात एका ओळीत होते. मी तिला काहीही लिहून दिले नाही. तिने नव्याने लिहिले त्यात जागतिकीकरण नव्हते. सौदा ठरतो त्या दिवशी आणि पैसे येतात त्या दिवशी, या दोहोंमधल्या काळात माल कोणाचा आणि धोका कोणाचा, हा एकच प्रश्न तिने धरला होता. तिच्या वडिलांकडे या काळाचे उत्तर एकच आहे, ते म्हणजे माणसाची पारख. हमीपत्रे, पतपत्रे, विमा आणि तारण यांनी तोच धोका मोठ्या व्यवहारांत कसा वाटून घेतला जातो, हे मला शिकायचे आहे, असे तिने लिहिले. 300 शब्द पुरले नाहीत, तेव्हा तिने मूट कोर्टाचा परिच्छेद काढून टाकला. मला ते फार आवडले.

पैशांचा उल्लेख करावा की नाही, यावर मात्र आमचे एकमत व्हायला वेळ लागला. तिच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे आणि मुंबईच्या फर्मचा सुरुवातीचा पगार जिल्हा न्यायालयात ज्युनियर म्हणून मिळणाऱ्या विद्यावेतनाच्या कितीतरी पट आहे. ज्युनियरला आमच्याकडे पहिली काही वर्षे जे मिळते त्याला पगार म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तिला वाटत होते, की पैशांचे नाव काढले तर आपण हलके ठरू. जिथे येणारा प्रत्येक अशील पैशांसाठीच आलेला असतो, तिथे उमेदवाराने पैशांबद्दल संकोच दाखवणे मला विचित्र वाटते. पण 300 शब्दांतली जागा त्यावर खर्च करू नये, हेही खरे. शेवटी असे ठरले, की अर्जात लिहायचे नाही, पण विचारले तर आजीच्या भाषेत उत्तर द्यायचे.

दुसऱ्या एका गोष्टीवर ती माझ्याशी अजिबात सहमत झाली नाही, आणि आता मला वाटते तिचेच बरोबर होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेची पातळी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. दाजींचा बराच माल त्या पाण्यात गेला. विमा होता, पण पॉलिसीतल्या पत्त्यात एक गोदाम होते आणि माल दोन गोदामांत होता. त्या वेळी ती कॉलेजच्या पहिल्या पायरीवरही नव्हती. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या पोत्यांचा आंबूस, मातकट वास घरात, कपड्यांत आणि केसांत किती दिवस राहिला, हे तीच मला सांगत असते. मला वाटले, यापेक्षा भक्कम उत्तर कोणते? एका ओळीच्या पत्त्याने काय होते, हे जिने पाहिले आहे, तिला करारातल्या परिशिष्टांचा कंटाळा येणार नाही, हे फर्मला लगेच कळेल. ती म्हणाली, “बाबांनी ती गोष्ट अजून आईलासुद्धा नीट सांगितलेली नाही. मी ती अनोळखी लोकांना नोकरीसाठी सांगू?” मी वकिलासारखे म्हणालो, की खरी गोष्ट सांगण्यात गैर काय. तिने उत्तर दिले नाही आणि तो मजकूर लिहिलाही नाही. अलीकडे या अर्जांमधून दुःखाला चांगला भाव येतो, असे माझा मित्रही सांगतो. कोणाचे वडील गेलेले असतात, कोणाची जमीन गेलेली असते, आणि वाचणाऱ्याला खरे-खोटे ठरवण्याचा अधिकार नसतो. ज्याची गोष्ट आहे त्याची परवानगी घेतली आहे का, असा एक रकाना त्या अर्जात असायला हवा, असे मला तिच्या गप्प बसण्यावरून सुचले.

आता माझ्या मनात जे थोडेसे टोचत होते तेही लिहितो. व्यावसायिक कायदा काही नरिमन पॉइंटलाच असतो असे नाही. 2015 च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्यात 2018 मध्ये दुरुस्ती झाली आणि 3 लाखांच्या वरचे व्यापारी वाद जिल्हा पातळीवरच्या वाणिज्यिक न्यायालयांत चालू लागले. तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर दावा लावण्याआधी मध्यस्थीला जाणेही सक्तीचे झाले. बेदाण्याचे, हळदीचे, साखरेचे, द्राक्षनिर्यातीचे खटले आमच्याकडे आहेत. न वटलेल्या धनादेशांच्या 138 च्या केसेस तर इतक्या, की त्या कलमाचा आकडा इथे चहावाल्यालाही पाठ आहे. मग तू इथेच का बसत नाहीस, असे मी तिला विचारले नाही. विचारले असते तर ती खोटे बोलली नसती, आणि ते उत्तर ऐकायची माझी तयारी होती की नाही, हे सांगता येत नाही. माझ्या कपाटातल्या फायलींमध्ये सगळे वाद मोडलेल्या व्यवहारांचे आहेत. माझ्याकडे माणूस येतो तो धनादेश परत आल्यावर, भागीदार बोलेनासा झाल्यावर, माल कुजल्यावर. व्यवहार अजून ठरतो आहे, दोघेही खुशीत आहेत, आणि नेमक्या त्या वेळी उद्या भांडण झाले तर काय, हे विचारणारा माणूस व्हायचे असेल, तर सांगलीत त्याला अजून कोणी फी देत नाही. हे तिने मला कधी बोलून दाखवले नाही. तिच्या नव्या मजकुरातल्या एका वाक्यावरून मी ते समजलो, आणि ते वाक्य तसेच राहू दिले.

मुलाखत व्हिडिओवर झाली. समोर दोन भागीदार होते. तिला सगळ्यात आधी हळकुंडाबद्दल विचारले गेले, आणि शेतमाल की मसाला यावर बराच वेळ गप्पा झाल्यासारखे बोलणे झाले. मग एकाने विचारले, की तुमच्या वडिलांचे खरेदीदारांशी लेखी करार आहेत का. नाहीत, असे तिने सांगितले, आणि करार कायद्याचे पहिलेच कलम व्यापाराच्या रूढींना, त्या कायद्याशी विसंगत नसतील तर, हात लावत नाही, असेही सांगितले. त्यावर तो भागीदार म्हणाला, मग आमची गरज काय? ती म्हणाली, की दोघेही एकाच बाजारातले असतात तोपर्यंत नाही. खरेदीदार परमुलखातला निघाला, की रूढी कोणती हेच सिद्ध करत बसावे लागते. पगाराबद्दलही विचारले गेले. आजीचे वाक्य तिने इंग्रजीत सांगितले म्हणे. त्याचा परिणाम काय झाला, ते तिने मला सांगितले नाही.

खरा प्रश्न शेवटी आला. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत कर्ज देणाऱ्या बँकांची समिती सगळे ठरवते आणि माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला त्या समितीत मत नसते; हा भेद सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये वैध ठरवला आहे. दुसऱ्या भागीदाराने विचारले, की आमचे अशील बहुतेक बँका आहेत. तुमच्या वडिलांसारखे लोक त्यांच्या मागे रांगेत उभे असतात. तुम्ही ज्या बाजूने आलात त्या बाजूच्या विरुद्ध काम करायला तुम्हाला काही वाटणार नाही का? या प्रश्नाची आम्ही तयारी केलेली नव्हती. ती म्हणाली, वाटेल. पण बँकेने कर्ज देताना तारण नीट पाहिले नाही, तर पुढच्या हंगामात बाबांनाही कर्ज मिळत नाही, हेही मी पाहिले आहे. आणि प्रत्यक्ष बाबांच्याच विरुद्ध काम आले, तर तुमच्या हितसंबंधांच्या तपासणीत ते आधीच पकडले गेले पाहिजे. नाही पकडले गेले, तर मी सांगेन. त्यावर दोघेही हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. तुम्हाला आमचीच फर्म का हवी, हा तो प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर तिने पाठ केल्याप्रमाणे दिले.

निकाल अजून यायचा आहे. ही सगळी हकीकत ती पेढीवर बसून सांगत होती, तेव्हा दाजी पट्टीवर आकडे मांडत होते आणि त्यांचे लक्ष नसावे असे मला वाटले. मधेच त्यांनी मान वर केली. “म्हणजे नोकरी लागली तर ती फर्म माझ्याविरुद्ध उभी राहणार नाही?” ती म्हणाली, तसे काही नाही, कदाचित मला त्या कामापासून लांब ठेवतील आणि बाकीचे काम करतील. ज्या माणसाने उभ्या जन्मात खरेदीदाराकडून एका कागदावर सही घेतलेली नाही, तो पेन खाली ठेवून म्हणाला, “मग तेवढं त्यांच्याकडून लेखी घे.”